कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये गाळ, गंज, क्षार साचू नये म्हणून काय करावं? (खान्देशातलं पाणी धरून)

पांझराकाठी

राम राम मंडळी. तापीला पूर आला की पाणी चहाच्या रंगाचं होतं, आणि पुढच्या काही आठवड्यांत जळगाव-धुळ्याकडच्या कारखान्यांत तीच तक्रार सुरू होते: कंट्रोल व्हॉल्व्ह (सिग्नलप्रमाणे कमी-जास्त उघडून प्रवाह सांभाळणारा) अडकतो, झटक्याने सुटतो, पूर्ण बंद होत नाही. उन्हाळ्यात पाणी बोअरचं, तेव्हा गाळ नाही पण पांढरा थर. व्हॉल्व्ह खोला, घासा, बसवा, दीड महिन्याने परत खोला. हे चक्र थांबवायचं कसं यावर एकाच ठिकाणी नीट चर्चा व्हावी म्हणून धागा काढतोय.

बोलायला सोपं जावं म्हणून एका लाईनचा तपशील देतो. कूलरचं थंड पाणी, एकदाच वापरून पुढे जाणारं. पाईप ८० मि.मी., व्हॉल्व्हही ८० मि.मी., ग्लोब, केज-गायडेड (सीटवर वर-खाली होणारा प्लग भोकांच्या पिंजऱ्यात, म्हणजे केजमध्ये सरकतो), इक्वल पर्सेंटेज ट्रिम (ट्रिम म्हणजे प्लग, सीट, केज हे आतले भाग; या प्रकारात उघडणं वाढेल तसा प्रवाह ठरावीक टक्क्यांनी वाढतो), केव्ही १०० (पूर्ण उघडल्यावर १ बार फरकाला तासाला १०० घनमीटर पाणी). जास्तीत जास्त प्रवाह तासाला १८ घनमीटर, कमीत कमी ४. भर प्रवाहात व्हॉल्व्हवर १ बार दाब पडतो, कमी प्रवाहात ३ बार. व्हॉल्व्ह कूलरच्या आऊटलेटला, तिथे पाणी ६० ते ६५ अंश. आधी २० मेशची (इंचाला २० छिद्रांची) वाय स्ट्रेनर, म्हणजे वाय आकाराची गाळणी. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा ४२० मि.ग्रॅ. प्रतिलिटर. खोलल्यावर केजच्या खालच्या भागात तपकिरी चिखल, भोकांच्या कडांवर पांढरा कडक थर, सीटवर एका बाजूला बारीक चर. स्ट्रेनरची जाळी बारीक करून भागेल का?

---

तापीतीर

जाळीकडे नंतर येऊ. आधी व्हॉल्व्हचा आकार बघा, कारण गाळ अडकायला जागा तिथेच तयार झाली आहे.

पाण्यासाठी हिशेब सोपा: लागणारा केव्ही म्हणजे तासाचे घनमीटर भागिले दाबातल्या फरकाचं वर्गमूळ. भर प्रवाहात १८ ÷ √१ = १८. कमी प्रवाहात ४ ÷ √३ = २.३. आता तुमचा केव्ही १००. इक्वल पर्सेंटेज ट्रिम, रेंजेबिलिटी (ताब्यात राहणारा जास्तीत जास्त आणि कमीत कमी केव्ही यांचं गुणोत्तर) ५० धरली तर भर प्रवाहात व्हॉल्व्ह ५६ टक्के उघडा राहतो, पण कमी प्रवाहात फक्त ४ टक्के. म्हणजे प्लग सीटला जवळजवळ टेकलेला. त्या फटीतून ३ बारच्या दाबाने गाळाचं पाणी जातं तेव्हा दोन गोष्टी होतात. मोठा कण फटीत अडकतो, त्यावर प्लग टेकतो आणि सीटला खड्डा पडतो. बारीक कण वेगाने घासत जातात आणि तुम्ही म्हणता तसे चर पडतात. एकदा चर पडला की व्हॉल्व्ह बंद असतानाही पाणी तिथूनच धावतं आणि चर खोल होत जातो. शिवाय फटीत वेग प्रचंड असला तरी बॉडीच्या पोकळीत पाणी जवळपास उभंच असतं. तिथे चिखल बसणारच.

हाच हिशेब ५० मि.मी.च्या व्हॉल्व्हला लावा, केव्ही ४०. भर प्रवाहात उघडणं ८० टक्के, कमी प्रवाहात २७ टक्के. दोन्ही टोकं २० ते ८०च्या आत बसतात. ४० मि.मी. घेऊ नका: केव्ही २५ धरला तर भर प्रवाहाला ९२ टक्के उघडावा लागेल, हातात काही उरत नाही.

पाईपच्या मापाचा व्हॉल्व्ह मागवायची सवय मोडली पाहिजे. कंट्रोल व्हॉल्व्ह पाईपपेक्षा एक माप लहान असणं ही चूक नाही, बहुतेक वेळा तेच बरोबर असतं.

---

वाफलाईन

तापीतीर भाऊंशी सहमत. पण माप बदललं तरी पाण्यातला माल तोच राहणार, म्हणून आधी व्हॉल्व्हमध्ये नेमकं काय साचलंय ते ओळखा. प्रयोगशाळा लागत नाही. खोललेल्या व्हॉल्व्हमधला चमचाभर माल कागदावर वाळवा आणि चार गोष्टी करा.

चिमटीत चोळा: पावडरसारखा सुटला आणि बोटाला मऊ लागला तर गाळ, कचकच लागला तर वाळू. कागदाच्या खालून लोहचुंबक फिरवा: कण चुंबकामागे पळाले तर ते लोखंडाचे, म्हणजे मिल स्केल (नव्या पाईपवरची पापडी), वेल्डिंगचा बुरादा किंवा काळा मॅग्नेटाईट. लालसर, साधा गंज मात्र चुंबकाला फारसा दाद देत नाही, त्यावरून फसू नका. लिंबू पिळा: फसफसला तर कॅल्शियम कार्बोनेट. शेवटी थोडा माल पत्र्यावर तापवा: काळा पडून जळका वास आला तर शेवाळ, तेल, सुताचे तंतू असं काहीतरी सेंद्रिय.

हे ओळखलं नाही तर उपाय चुकतो. गाळाला जाळी लावून उपयोग नाही, क्षाराला तर अजिबात नाही, कारण क्षार पाण्यात विरघळून जाळीतून आरामात जातो आणि गरम जागी बाहेर पडतो. पांझराकाठी, तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणून उपायही दोन लागतील.

जाळीबद्दल. २० मेश म्हणजे छिद्र साधारण ८४० मायक्रॉन (१००० मायक्रॉन म्हणजे १ मि.मी.). ४० मेश ४२०, ८० मेश १८०, १०० मेश १५०, २०० मेश ७५ मायक्रॉन. अंगठ्याचा नियम असा की जाळीचं छिद्र ट्रिममधल्या सगळ्यात अरुंद वाटेच्या निम्म्याहून मोठं नको. केजची भोकं ३ मि.मी.ची असतील तर २० मेश भोकांना पुरते, पण प्लग आणि केजमधल्या फटीला पुरत नाही, आणि अडकतो तो तिथेच. या लाईनला ८० मेश घ्या. फक्त जाळीच्या छिद्रांचं एकूण क्षेत्र पाईपच्या क्षेत्राच्या निदान ३-४ पट हवं, नाहीतर दोन दिवसांत तुंबेल. वाय प्रकारात तेवढी जागा बसत नसेल तर बास्केट स्ट्रेनर, शक्यतो जोडीने, म्हणजे एक साफ करताना दुसरा चालू.

स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज लावा. नुसतं "दर शनिवारी साफ" असं ठरवलं तर पावसाळ्यात उशीर होतो आणि हिवाळ्यात उगाच खोलला जातो. स्वच्छ जाळीवरचा फरक लिहून ठेवा, तो दुप्पट झाला की साफ करा. आणि स्ट्रेनरच्या टोपीला बूच न लावता १५ किंवा २० मि.मी.चा बॉल व्हॉल्व्ह लावा, म्हणजे लाईन बंद न करता दहा सेकंद फुंकून टाकता येतं.

वाफेच्या लाईनवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण ही चूक सर्रास दिसते: वाफेवर वाय स्ट्रेनरचं पोट (जाळी असलेला तिरका फाटा) आडवं ठेवायचं, खाली लटकतं नाही. खाली ठेवलं तर पोटात कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) साठतो आणि वाफ तो उचलून व्हॉल्व्हच्या सीटवर फेकते. पाण्यावर मात्र पोट खालीच.

---

पांझराकाठी

८० मेश लावली तर चहासारखं पाणी स्वच्छ होईल का?

---

वाफलाईन

नाही. पुराच्या पाण्यातला रंग ज्या कणांचा असतो ते बहुतेक ७५ मायक्रॉनच्या खालचे. ते २०० मेशमधूनही जातात. जाळी व्हॉल्व्हला काडी, खडा, वेल्डिंगचा मणी यापासून वाचवते. गाळ जाळीच्या आधीच, टाकीत बसवावा लागतो.

किती वेळ लागतो बघा. १०० मायक्रॉनचा वाळूचा कण उभ्या पाण्यात सेकंदाला ८-१० मि.मी. खाली जातो, ३ मीटरची टाकी पाच-सहा मिनिटांत पार. १० मायक्रॉनचा कण सेकंदाला ०.१ मि.मी., म्हणजे तीच टाकी उतरायला आठ तासांवर. २ मायक्रॉनचा कण त्याच्या पंचवीसपट हळू, आठ-नऊ दिवस. एवढा वेळ कोणाकडे नाही, म्हणून तुरटी किंवा पीएसी (पॉलीॲल्युमिनियम क्लोराईड) घालून कण एकमेकांना चिकटवून मोठे करावे लागतात. डोस आज ठरवून वर्षभर चालत नाही. एक-एक लिटरची सहा भांडी घ्या, २०, ३०, ४० अशा चढत्या मि.ग्रॅ.ने डोस द्या, एक मिनिट जोरात, पंधरा मिनिटं हळू ढवळा, अर्धा तास ठेवा, आणि सगळ्यात कमी डोसमध्ये निवळलेलं भांडं निवडा. पुराच्या दिवसांत ही चाचणी रोज.

त्यानंतर सँड फिल्टर. आणि टाकीतून पाणी उचलणारा पाईप तळापासून निदान ४५-६० सें.मी. वर. तळाशी टेकवलेला फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाईपच्या टोकाचा) म्हणजे बसवलेला गाळ परत लाईनीत ओढणं.

---

कडकपाणी

क्षाराचं मी लिहितो. कॅल्शियम कार्बोनेट बहुतेक मिठांच्या उलट वागतं: पाणी तापलं की कमी विरघळतं. म्हणून थर नेहमी गरम जागी धरतो. शिवाय दाब एकदम पडला की पाण्यातला कार्बन डायऑक्साईड निघून जातो आणि त्यानेही क्षार सुटतो. पांझराकाठी भाऊंच्या व्हॉल्व्हवर दोन्ही एकत्र आलंय: ६५ अंशांचं पाणी आणि ३ बारची घट. भोकांच्या कडांनाच थर का, त्याचं उत्तर हेच.

व्हॉल्व्ह कूलरच्या इनलेटला, थंड बाजूला आणता येईल का बघा. व्हॉल्व्हवरचा थर बराच कमी होईल. पण एक अडचण: कमी प्रवाहात कूलरच्या नळ्यांमधला वेग पडतो, पाणी जास्त तापतं आणि तोच थर नळ्यांत धरतो. नळ्यांत वेग सेकंदाला १ मीटरच्या खाली जाऊ देऊ नये. प्रवाह फारच कमी-जास्त होत असेल तर पाण्याचा प्रवाह कायम ठेवून गरम बाजूच्या बायपासने (वळसा घालणाऱ्या वाटेने) तापमान सांभाळणं जास्त बरं.

सॉफ्टनर (पाणी रेझिनच्या दाण्यांतून नेऊन कठीणपणा काढणारं यंत्र) लावा असं कोणी सुचवेल, त्याआधी हा हिशेब करा. १०० लिटर रेझिन एका भरणीत साधारण ५ किलो कठीणपणा धरतं, आणि त्याला धुवायला १५ किलो मीठ लागतं. ४२० मि.ग्रॅ.च्या पाण्यात ५ किलो म्हणजे जेमतेम १२ घनमीटर. तुमचा प्रवाह तासाला १८. चाळीस मिनिटांत भरणी संपली! दिवसाला ४३२ घनमीटर, १८१ किलो कठीणपणा, मीठ ५४० किलोच्या वर. आणि ते सगळं खारट पाणी टाकायचं कुठे? एकदा वापरून सोडायच्या पाण्याला सॉफ्टनर नाही. बॉयलर फीडला, किंवा कूलिंग टॉवर असेल तर मेकअप (घट भरून काढायच्या) पाण्याला, तिथे सॉफ्टनर हवाच.

इथे फॉस्फोनेट जातीचं अँटिस्केलंट बघा. ३ मि.ग्रॅ. प्रतिलिटर धरलं तर दिवसाला १.३ किलो. ते क्षार काढत नाही, फक्त स्फटिक पृष्ठभागाला धरू देत नाही. डोसिंग पंप प्रवाहाच्या मीटरला जोडा, नुसता टायमर नको. डोस बंद पडला तर थर लगेच सुरू होतो, म्हणून टाकीला लेव्हलचा अलार्म हवा.

तुलनेसाठी: पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणा २०० मि.ग्रॅ. पर्यंत स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो असं आहे. म्हणजे "गाव हेच पाणी पितं, मग मशीनला काय होतंय" हे म्हणणं चुकीचं आहे. ४२० पोटाला चालतं, ६५ अंशांच्या ट्रिमला चालत नाही.

---

गिरणा_फिटर

बसलेला थर काढायची रीत कोणी लिहिली नाही, ती देतो. घिसाडघाईत सीट इथेच खराब होते.

स्क्रू ड्रायव्हर, एमरी पेपर, लोखंडी ब्रश सीटला लावायचा नाही. ट्रिम पूर्ण सुटं करा, ग्लँड पॅकिंग (स्टेमच्या, म्हणजे प्लगच्या दांड्याच्या भोवतीचं सील) आणि गास्केट बाजूला काढा. प्लॅस्टिकच्या बादलीत २० लिटर कोमट पाणी, ४० ते ५० अंश, त्यात १ किलो सल्फॅमिक ॲसिड. हे झालं ५ टक्के. इनहिबिटर (ॲसिडपासून धातू वाचवणारं द्रव्य) मिसळलेलंच घ्या. पार्ट बुडवा, फेस येऊ द्या, तास-दोन तास. १ किलो ॲसिड साधारण अर्धा किलो क्षार खातं. म्हणून फेस थांबला आणि थर शिल्लक असेल तर ॲसिड संपलंय, पीएच पट्टीने बघा. ४ च्या वर गेला असेल तर नवीन द्रावण करा. ॲसिड ताजं असूनही थर हलत नसेल तर तो सल्फेट किंवा सिलिकाचा आहे, त्याला हे ॲसिड चालत नाही.

नंतर नायलॉनच्या ब्रशने धुवा, २ टक्के सोडा ॲशच्या पाण्यात बुडवा, साध्या पाण्याने धुवून लगेच हवेने वाळवा. स्टेनलेसला हायड्रोक्लोरिक म्हणजे बाजारातलं टॉयलेटचं ॲसिड वापरू नका, क्लोराईडने खड्डे पडतात. गॅल्व्हनाईज्ड पार्ट कुठल्याच ॲसिडात नको. आणि ब्लीचिंगचं पाणी या बादलीच्या आसपासही नको, क्लोरीन वायू सुटतो. हातमोजे, गॉगल, उघडी हवा.

बसवताना ग्लँडचे नट एकाआड एक, सारखे. पाणी गळतंय म्हणून एक नट आवळत सुटलं की स्टेम जड होतो आणि दोष गाळावर जातो.

---

इन्स्ट्रुमेंट_नंदुरबार

गिरणा भाऊ, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं लिहिलंत. व्हॉल्व्ह अडकतोय म्हणजे आत कचराच असेल असं नाही. खोलण्याआधी पंधरा मिनिटांची चाचणी करा.

कंट्रोलर मॅन्युअलला घ्या. सिग्नल ५० टक्क्यांवर ठेवून अर्धा-अर्धा टक्का वाढवा आणि स्टेमवर लक्ष ठेवा, डायल गेज लावला तर उत्तम. चांगला व्हॉल्व्ह १ टक्क्याच्या आत हलतो. ३-४ टक्के सिग्नल जाईपर्यंत स्टेम ढिम्म आणि मग एकदम उडी, तर घर्षण जास्त आहे. आता लाईनचा दाब काढा आणि ग्लँडचे नट पाव फेरा सैल करून तीच चाचणी परत. सुधारलं तर दोष पॅकिंगचा. नाही सुधारलं तर आत कचरा, किंवा ॲक्च्युएटरला (हवेच्या दाबाने स्टेम हलवणारा भाग) हवाच नीट मिळत नाही.

हवेचं बोलायचं तर इकडे दोन शत्रू आहेत: मे महिन्याची धूळ आणि जिनिंगजवळ उडणारा कापसाचा तंतू. पोझिशनरच्या (सिग्नलप्रमाणे ॲक्च्युएटरला हवा देणारं उपकरण) नोझलला चिमूटभर धूळ पुरते. इन्स्ट्रुमेंट एअरच्या आयएसए मानकात कण ४० मायक्रॉनपेक्षा मोठा नको, तेल १ पीपीएमच्या आत, आणि दवबिंदू (हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान) परिसरातल्या किमान तापमानापेक्षा निदान १० अंश खाली असं आहे. खान्देशात हिवाळ्यात पारा १० च्या खाली जातो, म्हणजे दवबिंदू शून्याच्या आसपास किंवा खाली हवा. रेफ्रिजरेटेड ड्रायर ३ अंशांच्या खाली नेत नाही, उघड्यावरच्या व्हॉल्व्हला डेसिकंट (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) ड्रायर लागतो. प्रत्येक पोझिशनरच्या तोंडाशी ५ मायक्रॉनचा फिल्टर रेग्युलेटर, बाऊल रोज ड्रेन करून बघायचा. बाऊलमध्ये तपकिरी पाणी दिसलं तर हेडरचा पाईप आतून गंजतोय.

टॅपिंग हेडरच्या वरून काढा. खालून काढलेलं टॅपिंग म्हणजे हेडरचा सगळा गंज-पाणी थेट पोझिशनरला.

---

रावेर_केळी

भो, कारखान्याच्या चर्चेत शेतीचं विचारतोय, माफी असावी. केळीच्या ड्रिपला हेडवर सोलेनॉईड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) आहे. स्विच बंद केला तरी पाणी चालूच राहतं, कधी उलटं होतं, उघडतच नाही. नदीकाठच्या विहिरीचं पाणी, बारीक वाळू येते. सेम रोग का?

---

तापीतीर

माफी कसली, सेम रोगच आहे. ड्रिपचा डायफ्रॅम सोलेनॉईड हा लहान कंट्रोल व्हॉल्व्हच. डायफ्रॅममध्ये एक बारीक ब्लीड भोक असतं, एखाद-दीड मि.मी.चं. त्यातून वरच्या कप्प्यात पाणी भरतं आणि त्या दाबाने डायफ्रॅम बंद होतो. ते भोक वाळूने बुजलं की वरचा कप्पा भरत नाही, व्हॉल्व्ह बंद होत नाही. प्लंजरखालच्या (विजेने वर ओढली जाणारी छोटी दांडी) सीटवर कण बसला तरी तसंच, वरचं पाणी निसटत राहतं. उलट वरच्या कप्प्यातून पाणी बाहेर सोडणारी पायलटची वाट बुजली तर व्हॉल्व्ह उघडत नाही. लक्षणावरून भोक ओळखा.

साफ करायला तार नको, भोक मोठं होतं. फांदीची बारीक काडी किंवा दात कोरायची काडी, आणि पाण्याची पिचकारी. वाळूसाठी हेडवर आधी हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा), मग १२० मेशचा स्क्रीन किंवा डिस्क फिल्टर, म्हणजे १३० मायक्रॉन. सायक्लोनला चालायला ०.३ ते ०.५ बार घट लागते. पंप बदलून प्रवाह कमी केलात तर सायक्लोन वाळू फेकत नाही, पाणी नुसतं फिरतं. खालच्या वाळूच्या डब्याचा कॉक रोज उघडायचा, भरलेला डबा म्हणजे सायक्लोन नसल्यासारखं. खत सोडायची जागा फिल्टरच्या आधी ठेवा, म्हणजे न विरघळलेलं खत जाळीत थांबेल.

---

मक्याचा_रस

पाण्यापलीकडचं थोडं. खान्देशात मक्यावर चालणारे स्टार्चचे कारखाने आहेत, साखर कारखाने आहेत, सरकी तेल आहे. तिथल्या स्लरीला (घन कण मिसळलेलं दाट पाणी) वरचे नियम सरळ लावता येत नाहीत.

स्टार्चची स्लरी उभी राहिली की खाली बसते आणि सिमेंटसारखी घट्ट होते. साधा बॉल व्हॉल्व्ह इथे चुकीचा, कारण बॉल आणि बॉडीमधल्या पोकळीत स्लरी कोंडते, तिला निघायला वाट नाही. दोन दिवसांच्या बंदनंतर हँडल फिरत नाही, पान्हा लावून फिरवलं तर सीट फाटते. नुसतं चालू-बंद असेल तर पिंच व्हॉल्व्ह (रबरी नळी दाबून बंद होणारा) किंवा सरळ वाटेचा डायफ्रॅम व्हॉल्व्ह. कंट्रोल करायचं असेल तर व्ही-नॉच सेगमेंट बॉल (व्ही आकाराची खाच असलेला बॉलचा तुकडा), त्याची धार तंतू कापत जाते. बॉल व्हॉल्व्हच हवा असेल तर कॅव्हिटी फिलर सीटचा (ती पोकळी भरून टाकणारी सीट) घ्या.

लाईन धुताना एक चूक महागात पडते. लवकर साफ व्हावं म्हणून थेट वाफ किंवा गरम पाणी सोडतात. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंशांना फुगून खळ होतो. व्हॉल्व्हमध्ये आधी भुकटी होती, आता डिंक झाला. आधी थंड पाणी, निघणारं पाणी निवळेपर्यंत, आणि मगच गरम.

साखरेकडच्या चुन्याच्या दुधाला लाईन कधी उभी ठेवू नका. टाकीतून निघून टाकीतच परत येणारी रिंग लाईन ठेवा, वेग सेकंदाला १ मीटरच्या वर, आणि डोसिंगचा व्हॉल्व्ह रिंगला अगदी चिकटून. रिंग आणि व्हॉल्व्हमध्ये फूटभर पाईप ठेवला की तो फूटभर पाईप आठवड्यात भरतो. टॅपिंग वरून किंवा बाजूने.

---

तेलपाणी_जळगाव

जळगावच्या चटई आणि पीव्हीसी पाईपच्या धंद्यामुळे मोल्डिंग मशीन, हायड्रोलिक प्रेस इथे भरपूर. तिथला प्रपोर्शनल व्हॉल्व्ह (सिग्नलच्या प्रमाणात तेल सोडणारा) अडकतो तेव्हा कचरा डोळ्याला दिसतच नाही. स्पूल (आत सरकणारी दांडी) आणि तिच्या बोअरमधली फट काही मायक्रॉनची, माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. जो कण फटीपेक्षा मोठा तो बाहेर राहतो, खूप लहान तो निघून जातो, फटीएवढाच जो असतो तो आत शिरून पाचरीसारखा बसतो. मशीन दाबाखाली उभं ठेवलं की हा बारीक गाळ स्पूलभोवती जमतो, आणि पाळी सुरू होताना पहिला स्ट्रोक अडखळतो.

तेलाची स्वच्छता आयएसओ ४४०६ च्या आकड्यांत मागा. १८/१६/१३ म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४ मायक्रॉनवरचे कण १३०० ते २५००, ६ वरचे ३२० ते ६४०, १४ वरचे ४० ते ८०. आकडा एकने वाढला की कण दुप्पट. प्रपोर्शनल व्हॉल्व्हला साधारण एवढं तरी हवं, सर्व्होला याहून चांगलं. नवीन बॅरल म्हणजे स्वच्छ तेल ही समजूत सोडा. बॅरल फोडून बादलीने टाकीत ओतणं बंद करा, फिल्टर ट्रॉलीतूनच भरा.

आणि टाकीचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाते तिथला फिल्टर) बघा. सिलिंडर आत-बाहेर होताना टाकी श्वास घेते, उन्हाळ्यातली धूळ तिथूनच आत जाते. ब्रीदर ३ मायक्रॉनचा, झाकणाचं गास्केट शाबूत. रिटर्न फिल्टरच्या इंडिकेटरने लाल दाखवलं की त्याच पाळीत फिल्टर बदला, कारण बायपास उघडल्यावर सगळं तेल न गाळताच फिरतं.

---

पांझराकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. ५० मि.मी. व्हॉल्व्ह, इनलेटला, ८० मेशचा बास्केट, अँटिस्केलंट, टाकीचं सक्शन वर: एवढं पक्कं धरतोय. दोन शंका. नवीन लाईन जोडल्यावर फ्लशिंग किती? आणि ८० वरून ५० ला उतरताना रिड्यूसर (दोन मापांचे पाईप जोडणारा निमुळता तुकडा) कुठला?

---

गिरणा_फिटर

फ्लशिंगला व्हॉल्व्ह लाईनीत ठेवायचाच नाही. त्याच्या जागी तेवढ्याच लांबीचा स्पूल पीस. वेल्डिंगचा मणी पहिल्याच दिवशी सीट कापतो आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे ट्रिममध्ये अडकतात, म्हणून हे टाळायचं नाही. वेग सेकंदाला निदान ३ मीटर. ५० मि.मी.च्या तुकड्यात त्याला तासाला २१ घनमीटर लागतात, पण ८० च्या पाईपमध्ये हाच वेग गाठायला ५४ लागतील. तेवढा पंप नसेल तर ८० चा भाग वेगळा धुवा: टाकी भरून, शेवटचं तोंड पूर्ण उघडं ठेवून, हातोडीने जोडांवर ठोकत. तोंडाला पांढरं फडकं धरा. सलग दोन वेळा फडक्यावर कण आला नाही की झालं. पहिल्या आठवड्यात बास्केटच्या आत अजून बारीक तात्पुरती जाळी घाला, आठवड्यानंतर आठवणीने काढा.

बायपासचा फाटा आडव्या लाईनच्या वरून काढा. खालून काढलेला बायपास वर्षभर गाळ साठवतो, आणि ज्या दिवशी उघडता त्या दिवशी सगळा गाळ एकदम पुढे जातो.

---

तापीतीर

रिड्यूसर एक्सेंट्रिक (एका बाजूने सपाट), सपाट बाजू खाली. कॉन्सेंट्रिक (सगळीकडून सारखा निमुळता) लावला तर मोठ्या पाईपच्या तळाशी, व्हॉल्व्हच्या अगदी आधी, पायरी तयार होते आणि गाळ तिथे बसतो. प्रवाह वाढला की तो ढिगाऱ्याने सीटवर येतो. पंपाच्या सक्शनला हवा कोंडू नये म्हणून सपाट बाजू वर ठेवतात, त्याची सवय इथे आणू नका.

---

पांझराकाठी

आऊटलेटच्या रिड्यूसरलाही सपाट बाजू खालीच?

---

तापीतीर

हो, दोन्हीकडे. म्हणजे ५० चा तुकडा आणि ८० चा पाईप तळाने एका रेषेत येतात आणि ड्रेन उघडला की मधे काही उरत नाही. ड्रेनचा कॉक इनलेट रिड्यूसर आणि व्हॉल्व्हच्या मधल्या तुकड्यात, तळाला, २० मि.मी.चा लावा. १५ चा लावला तर पावसाळ्यात तोच आधी तुंबतो.